वजनानं उतरणारी लिफ्ट

ट्रकच्या मागची लिफ्ट धप्पकन खाली आली आणि बशीतला चहा माझ्या साडीवर सांडला. नुसत्या आवाजाला भिणारी मी नव्हे. पण श्रीपत मिस्त्री आत्ता, या घटकेला मला सांगत होते, की वयनी, ही जात वजनानं उतरणारी. वर माल असला की झपझप येते, आणि रिकामी असली की अशी रेंगाळते, अशी रेंगाळते, की माहेरवाशीण सासरी निघालीय म्हणा. तुमचा चहा होईल, वर पान होईल, तरी प्लेट जमिनीला लागायची नाय. असं म्हणत त्यांनी दांडा खाली केला, आणि बशी ओठाला लागायच्या आत प्लेट जमिनीवर. तिच्यावर काही नव्हतं. ड्रम नव्हता, गोणी नव्हती, साधा पाना नव्हता. गाडीच्या रुंदीएवढी लोखंडी प्लेट, दोन बाजूंना दोन हात, मध्ये तेलाचं नळकांडं, बस. मिस्त्रींनी दांडा वर केला. पंप कण्हत कण्हत चालू झाला आणि प्लेट जड पावलानं वर चढली, गाडीच्या हौद्याच्या पातळीला येऊन थांबली. आम्ही तिघंही त्या प्लेटकडे बघत राहिलो, मी, मिस्त्री आणि माझा दीर चंदू. "जमीन उतरती असंल," चंदू म्हणाला. महाडच्या नाक्यावरची ती शेड, मिस्त्रींनी स्वतः पाणसळ लावून कोबा केलेला. त्यावर गोटी ठेवली तर हलणार नाही. मिस्त्री वाकून नळकांड्यावर नुसता हात फिरवत राहिले. मुंबईला गोदीत निम्मं आयुष्य काढलेला माणूस, एरवी तोंडाला टाळा म्हणून नसतो.

लिफ्ट बघायची पाळी आमच्यावर का आली ते सांगते. शहाऐंशी साली महाडात मागे लिफ्ट लावलेली गाडी म्हणजे लोक थांबून बघायचे. बिरवाडीच्या अंगाला कारखाने नुकते उभे राहत होते, आमची गाडी तिथं रसायनाचे ड्रम पोचवायची. ड्रम उतरवायचे ते हमालांनी, गाडीच्या मागे तिरकी फळी टाकून, वरून दोघांनी सोडायचा आणि खालून दोघांनी झेलायचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला खालचा एक हमाल कमी होता. माझा नवरा जानू गाडीचा मालक, हमाल नव्हे. पण कुणाची वाट बघणं त्याच्या रक्तात नव्हतं. "थांबा, मी धरतो," म्हणाला म्हणे. ड्रम सुटला तो सरळ त्याच्या छातीवर. मला सांगायला कारखान्याचा एक वॉचमन सायकलवरून आला, आणि सायकल भिंतीला टेकवून पहिल्यांदा पाणी मागितलं. मी पाणी दिलं. अजून मला त्या माणसाचा राग येतो, पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तांब्या नीट उपडा घातला त्याचा.

त्यानंतर गाडीला कुणी हात लावेना. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून उतरून येणारी हमालांची टोळी, तिचा मुकादम आबाजी. भला माणूस, जानूबरोबर एका ताटात जेवलेला. मी त्याच्या खोलीवर गेले, म्हटलं, आबाजी, अपघात सगळ्यांच्याच गाडीला होतात, तुम्ही असं वाळीत का टाकता मला? तो बिचारा खाली मान घालून बसला. म्हणाला, "वयनी, तुमाला नाय वाळीत टाकत. पण ती गाडी रिकामी झालीच नाय." मी म्हटलं, अरे, कारखान्याच्या लोकांनी उरलेले सगळे ड्रम त्याच दिवशी उतरवले, मी स्वतः झाडून काढली गाडी. "तसं नाय वो," तो म्हणाला, "आमच्यात ओझं जमिनीला टेकलं म्हंजे उतरलं. त्याचं ओझं जमिनीला नाय टेकलं, माणसाला टेकलं. तवा गाडी अजून भरलेलीच हाय. भरल्या गाडीत माल कसा भरायचा, तुमीच सांगा." आमच्या घरात धम्मदीक्षेपासून अंगारा-धुपारा बंद, देव्हारा माळ्यावर गेला तो गेलाच. भुताखेतांवर हसायचं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी हसले पण. घरी येताना मात्र गाडी उभी असते त्या चिंचेखाली गेले आणि मागचा फाळका पाडून आत बघितलं. स्वच्छ होती. तरी मी फाळका लावला तो हळू लावला, आत कुणी निजलंय अशी.

जानू, जानू म्हणतेय मी. जिवंत होता तोवर हे नाव कधी तोंडातून काढलं नाही. "अहो" आणि "ऐकलं का" यात बारा-चौदा वर्षं गेली, आणि मेल्यावर मनातल्या मनात थेट अरे-तुरे सुरू झालं. कसं ते कळलंच नाही. सासूबाईंना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, काय गो ही, नवरा गेला नि हिची भीड चेपली. पण खरंच चेपली. त्याच्याशी मी आता वाट्टेल ते बोलते. भांडी घासताना बोलते, सावित्री नदीवर धुणं नेते तेव्हा बोलते. आणि बोलता बोलता गप्प होते, कारण तो उत्तर देत नाही हे त्याचं जुनंच आहे. जिवंतपणी तरी कुठं देत होता? फेरीवरून यायचा, खाटेच्या कडेला बसून बूट काढायचा, आणि खाट त्या बाजूला अशी खचायची की मी झोपेत घसरत त्याच्याकडे जायचे. आधी चिडायचे. म्हणायचे, तुम्ही माणूस आहात का पोतं? आता खाट सपाट आहे. सपाट खाटेवर झोप येत नाही, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी आहे का?

तर हमाल नाहीत म्हणून लिफ्ट. ड्रम हाती न धरता उतरवता आला तर हमालांवाचून अडायचं नाही, चंदू गाडी चालवील, मी माल मोजून देईन घेईन. घरात ठरलंच होतं, लिफ्ट जमली तर गाडी राहील. नाही जमली तर कशेडीकडचा एक माणूस टपून बसलाय, त्याला विकायची. चंदू वाईट नाही. पण गाडी गेली की मी कोण? चंदूच्या चुलीवरची भाकरी खाणारी एक बाई, पोरांना सांभाळायला बरी. माझ्या अंगावरचा सोन्याचा सगळा डाग त्या गाडीत गेलेला. गाडीवर नाव जानूचं, लोक म्हणतात जानूची गाडी, हमाल म्हणतात जानूची गाडी, कागदावर अजून जानूचीच. मी त्या गाडीची कोण, हे एकदा ठरायला हवं होतं, आणि ते आता एका लोखंडी प्लेटवर येऊन ठेपलं होतं.

मिस्त्रींकडे जातीच दोन. एक ही, वजनानं उतरणारी, गोदीतल्या मोडीत निघालेल्या परदेशी गाडीची, दणकट आणि हाताशी असलेली. दुसरी पुण्याहून मागवायची. ती तेलाच्या जोरानं वर जाते आणि तेलाच्याच जोरानं दाबून खाली आणली जाते. ती दुसरी बघायला आम्ही पोलादपूरला गेलो, तिथल्या गॅसच्या सिलिंडरवाल्याच्या गाडीला बसवलेली होती. मिस्त्रींनी मला सगळं समजावलं, माणूस समजावण्यात दांडगा. लिफ्ट निवडताना आधी लिफ्टचंच वजन बघायचं; ते मागच्या आसावर येतं, मग तेवढा माल कमी भरावा लागतो, नाहीतर नाकापेक्षा मोती जड. मग ड्रमचं वजन बघायचं, आणि ड्रमाशेजारी उभ्या माणसाचं पण धरायचं, ते लोक विसरतात. प्लेटच्या कडेला अडसर हवा, म्हणजे ड्रम गडगडणार नाही. मी मान डोलवत होते आणि बघत होते ती लिफ्ट. सिलिंडर घेऊन जशी यायची तशीच रिकामी यायची. एकाच चालीनं, गुळगुळीत. पोर उभं राहिलं काय, म्हैस उभी राहिली काय, तिला फरक नाही. मला ती मुळीच आवडली नाही. सरकारी कचेरीतल्या शिपायासारखी, समोर कोण आलंय याच्याशी देणं-घेणं नाही. परत येताना मी चंदूला म्हटलं, पहिलीच बरी, हाताशी आहे, लगेच काम सुरू होईल. मिस्त्रींनी पहिली आमच्या गाडीला नुसती बोल्टांवर चढवली, चाचणीपुरती. आणि मग तो चहा सांडला.

खरं सांगू? भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी आनंद झाला. प्लेट ज्या वेगानं आली तो वेग मला ओळखीचा वाटला. त्याच्या बसण्याचा. खाट खचायची तो. मी साडीवरचा चहा पुसायचं विसरून म्हटलं, "मिस्त्री, पुन्हा करा." त्यांनी वर नेली, पंप कण्हला, खाली सोडली, धप्प. "पुन्हा." धप्प. चंदू म्हणाला, "वयनी, पुरे." मिस्त्रींचंही आता मन नव्हतं, पण मला थांबायचं नव्हतं. आत्ता तो उतरला. आत्ता पुन्हा चढला. प्लेट वर असताना मी शेडच्या अंधाराकडे पाठ करून तिच्याकडे बघत होते. उघड्या प्लेटवर दुपारचं ऊन पडलेलं. त्यात काही दिसावं म्हणून मी डोळे बारीक केले, तर फक्त गंजाचे ठिपके दिसले. तेवढ्यात वाटलं, समजा दिसलाच, तर काय बोलणार आहेस? पोरांची फी भरली म्हणून सांगणार?

चार दिवस मिस्त्री त्या लिफ्टच्या मागे लागले होते. तेल बदललं. नळी बदलली. नळकांडं खोलून वायसर बघितले, नवे घातले. मग पाण्यानं भरलेला ड्रम ठेवून बघितला, तर ड्रमासकट ती उलट बेतानं आली, शहाण्यासारखी. ड्रम काढला की धप्प. शेवटी लिफ्ट काढून दुसऱ्याच एका गाडीला लावली, शेजारच्या लाकडाच्या वखारीच्या. तिथं रिकामी सोडली आणि मिस्त्रींनी खरोखर पान जमवलं, चुना लावला, तोंडात घातलं, तरी प्लेट आपली वाटेतच. आमच्या गाडीला परत लावली, धप्प. त्या दिवशी मिस्त्रींनी हात पुसले आणि माझ्याकडे न बघता बोलले. "वयनी, मी मशीनवाला मानूस. हिला काय झालंय ते मना नाय ठाव. पन सेफ्टी सांगतो. रिकामी अशी आपटते, तर एक दिवस कुनाच्या पायावर येनार. चंदूच्या नायतर तुमच्या. ही मी तुमच्या गाडीला फिट नाय करनार. दुसरी मागवा, नायतर गाडी विका." चंदू लगेच म्हणाला, "विकूच. कशेडीवाला आजपन इचारत होता." मी म्हटलं, "उद्या सांगते." रात्रभर मी सपाट खाटेवर पडून होते आणि विचार एकच, तिसरी वाट कुठली? ही लिफ्ट लावायची, रोज सकाळी चिंचेखाली एकदा रिकामी खाली सोडायची, कुणाला न सांगता. मग दिवसभर ड्रम. पायावर पडायची तर माझ्या पडेल. माझे पाय, माझी गाडी, माझा नवरा. कुणाच्या बापाचं काय जातं? इतक्या थराला मी गेले होते. आमच्या घरात अंगारा-धुपारा बंद असून.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेले ती ठरवूनच. मिस्त्री आणि चंदू बोल्ट काढायच्या तयारीत होते. मी म्हटलं, थांबा, एकदा मी उभी राहते. मिस्त्री नको नको म्हणाले, मग म्हणाले, बरं, मानसाच्या वजनाला काय करते ते तरी कळंल. प्लेट जमिनीवर होती. मी चप्पल काढून चढले. का काढली चप्पल, कोण जाणे. पंप कण्हला. मी वर वर जाऊ लागले. चंदूचं डोकं खाली गेलं, मिस्त्रींची टोपी खाली गेली, शेडच्या पत्र्याची धग डोक्याला लागली. हौद्याच्या पातळीला पोचले तेव्हा लक्षात आलं, मी प्लेटच्या मधोमध उभी नव्हते. एका कडेला सरकून उभी होते, आणि शेजारी एका माणसाची जागा ठेवली होती. एसटीत ठेवतो तशी, नकळत. उजव्या दंडावरचे केस उभे राहिले, पण ते पत्र्याच्या धगीनंही असेल. मागे गाडीचा रिकामा हौदा, त्यातून जुन्या ताडपत्रीचा आणि रसायनाचा वास, जानूच्या शर्टाला यायचा तोच. मी मान वळवली नाही. म्हटलं, मिस्त्री, सोडा.

त्यांनी दांडा खाली केला. प्लेट हलली नाही.

"सोडली काय?" मी विचारलं. "सोडलीय वयनी. दांडा पुरता खाली हाय." मी वाट बघितली. पायाखालचं लोखंड जसंच्या तसं. तेल नळीतून परत जाताना सूं असा आवाज येतो, तो नाही. "जरा पाय आपटा," मिस्त्री म्हणाले. मी आपटला. पुन्हा आपटला. चंदू खालून तोंड वर करून बघत होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मला वरून दिसत होतं. रिकामी असते तेव्हा निदान रेंगाळत तरी येते म्हणे. माझ्यासकट ती येतच नव्हती. मी तिथं नव्हतेच जणू. रिकाम्या प्लेटीपेक्षाही कमी वजनाची काही होते. मला आधी हसू आलं. मग आठवलं, जानू गेला त्या दिवसापासून असंच चाललंय. सांत्वनाला आलेले लोक चंदूशी बोलून जात. कारखान्याचा साहेब चंदूला खुर्ची देई. मी समोर उभी असे आणि सगळे विचारीत, जानूच्या गाडीचं काय ठरलं? आणि आता हे लोखंडसुद्धा. मी त्या मोकळ्या जागेकडे न बघता हळूच म्हटलं, "चल, उतरू या." काही नाही. "पोरं शाळेतून यायची वेळ झाली, चल." काही नाही. हट्टी होताच तो. भांडण झालं की खाटेच्या कडेला पाठ करून असाच बसायचा, तासन्‌तास, मी मनवीपर्यंत. पण बारा-चौदा वर्षं मीच मनवलं होतं. आता तो मेला होता आणि तरी मीच मनवायचं? माझ्या अंगाची अशी आग झाली, की मी पदर खोचला आणि सरळ उडी मारली.

टाचा कोब्यावर आपटल्या, पार मस्तकापर्यंत झिणझिण्या गेल्या. चंदू धरायला धावला. आणि माझ्या पाठीमागे, मी नीट उभीसुद्धा राहिले नव्हते, प्लेट धप्पकन खाली आली. तिचा वारा माझ्या पोटऱ्यांना लागला. मी वळले. दीर समोर, परका पुरुष समोर, शेडच्या दारात वखारीतली दोन माणसं येऊन उभी, आणि मी त्या उघड्या प्लेटला मोठ्यानं म्हटलं, "यायचंच होतं तर माझ्याबरोबर का नाही आलास रे, जानू?" मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी आणखी थोडी थांबले. खरंच थांबले, मला उत्तर हवं होतं. शिव्या तयार होत्या, लाडाचं बोलणंही तयार होतं, जे लागेल ते. मग मी चपला शोधून पायांत घातल्या आणि म्हटलं, "मिस्त्री, पुण्याची मागवा. दाबून खाली आणणारी." ते म्हणाले, "ती तवा तुमाला पसंत नव्हती ना?" मी म्हटलं, "आज आहे. तिला कुणाचं वजन लागत नाही, मी एकटी उभी राहिले तरी ती मला खाली आणील." चंदूनं तोंड उघडलं, बहुतेक कशेडीवाल्याचं नाव घ्यायला. मी म्हटलं, "चंदू, गाडी विकायची नाही. आणि कागदावर माझं नाव चढवायचंय, या आठवड्यात." तो "बरं वयनी" म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला.

बोल्ट निघाले. दोघांनी मिळून साखळीवर लिफ्ट तोलून शेडच्या कोपऱ्यात ठेवली, प्लेट जमिनीला टेकवून. मी मदतीला गेले नाही. चंदूनं गाडी काढली, मी शेजारी बसले. नाका ओलांडून हमरस्त्याला लागलो, बिरवाडीच्या दिशेनं. जरा वेळानं चंदूनं गिअर बदलला, पुन्हा बदलला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, गाडी लई हलकी झाली वो." मी म्हटलं, "लिफ्ट उतरवली ना. तेवढं लोखंड गेलं." तो म्हणाला, "लिफ्ट लावायच्या आधीपन मीच चालवत होतो. तवा अशी नव्हती." खिडकीतून भर उन्हातली भातखाचरं मागे जात होती, मागे फाळका रिकाम्या गाडीचा खडखडतो तसा खडखडत होता, कितीतरी महिन्यांनी. उद्या आबाजीला सांगायला हवं, असं मनात आलं. मग पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हुंदका आवरेना. चंदूनं गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, काय झालं. त्याला काय सांगू? जानूला मी श्रीपत मिस्त्रीच्या शेडमध्ये एकटा टाकून आले होते, आणि परत जाणार नव्हते.